दोन आणा, एक नको

आईनं आयुष्यभर उंदीर मारले.
वूचच्या सूतगिरणीत, तिसऱ्या पाळीला,
बॉबिनच्या खोक्यांमागून निघायचे ते,
आणि गेनोवेफा नावाची एकोणीस वर्षांची पोर
लाकडी तळाच्या चपलेनं,
एका फटक्यात.
नेम चांगला होता, ती सांगते. बढाई म्हणून नव्हे,
वजन-उंची सांगावी तसं.

गिरणीचा आता मॉल झालाय.
तिथल्याच एका दुकानातून माझ्या ओल्गेर्दनं
दोन उंदरी आणल्या, एक राखाडी, एक सायीच्या रंगाची,
आणि सहा महिन्यांत नॉर्वेला निघून गेला, मासे सोलायला.
पिंजरा आजीकडे. तात्पुरता, म्हणाला.
तात्पुरतं म्हणून आमच्याकडे जे जे आलं
ते सगळं अजून आहे.

आठ दिवस आईनं पिंजऱ्यावर टेबलक्लॉथ टाकून ठेवला.
नवव्या दिवशी मी गेले तर
तिच्या गाऊनच्या बाहीत काहीतरी हलत होतं.
"हळू बोल," म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

नावंही तिनंच बदलली.
नित्का, म्हणजे दोरा.
श्पुल्का, म्हणजे रीळ.

ऐंशीव्या वर्षी काय काय शिकली:
खूश असला की उंदीर दात करकरवतो,
आणि त्याचे डोळे आतबाहेर होतात, सैल बटणासारखे.
नाकाशी लाल दिसलं तर ते रक्त नसतं,
पण काळजीचंच असतं.
शेपटीला धरून उचलायचं नाही कधी.
हे ती दोनदा सांगते,
दुसऱ्यांदा स्वतःलाच.

श्पुल्काच्या काखेत गाठ आली, हरभऱ्याएवढी,
मग अक्रोडाएवढी.
डॉक्टरनं जेवढे झ्लॉटी सांगितले
तेवढ्यात अशा पंधरा उंदरी आल्या असत्या.
मी तसं बोलूनही गेले.
आईनं पेन्शनच्या नोटा मोजल्या, बोट ओलं करून, एकेक.
"मला पंधरा नकोयत."

तरी श्पुल्का गेलीच, फेब्रुवारीत.
नित्का कोपऱ्यात बसून राहिली अंग फुगवून,
पाठ अस्ताव्यस्त,
तिथवर जीभ पोचवणारं कुणी उरलं नव्हतं.
एकटी ठेवू नका, दुकानातला पोरगा म्हणाला,
नवी न्या, पण एक नको, दोन,
ही म्हातारी गेल्यावर तिला सोबत राहील.
आणि त्या दोघींतली एक गेली की?
"मग परत दोन," तो म्हणाला. हसला नाही.

आई वीजबिलाच्या मागे हिशेब मांडून बसली.
उंदराला दोन वर्षं. फार तर अडीच.
नित्काचं दीड झालं.
खाली स्वतःचं नाव लिहिलं, पुढे बरोबरचं चिन्ह काढलं,
आणि उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाब्यानित्सेला फोन.
तिथली एक बाई टाकून दिलेले उंदीर सांभाळते.
"म्हाताऱ्या आहेत का? कुणी नेत नाही अशा?"
होत्या. एकीचा कान फाटका.
दुसरीचे मागचे पाय उचलत नाहीत, फरफटतात.
"चालेल," आई म्हणाली,
"जिने माझ्याकडूनही होत नाहीत."

आता तिघी झोपतात
ओल्गेर्दच्या राहिलेल्या मोज्यात, झोळी करून टांगलेल्या.
परवा मी मुक्कामाला होते. दिवा मालवला
आणि अंधारात सुरू झालं ते,
करकर, करकर, बारीक, एका लयीत,
तिन्ही तोंडांतून.
मी म्हटलं, आई, गिरणीच चालू आहे असं वाटतं ना?

"काहीतरीच," ती म्हणाली.
"गिरणीत खूश कोण होतं?"

मग बराच वेळ काही नाही.
मग तिच्या पलंगाची कुरकुर, अनवाणी पावलं,
आणि मोज्याला बाहेरून हात लावून
हलक्या आवाजात:
एक. दोन. आणि तू कुठंयस गं?
हां. तीन.